प्रेडनिसोलोन की सायक्लोस्पोरिन? पायोडर्मा गँग्रिनोसम असलेल्यांसाठी

नाव भयंकर असलं तरी या आजारात ना जंतूंचा संसर्ग असतो ना गँग्रीन, हे निदान झालेल्याला एव्हाना कळलेलं असतं. आपल्याच न्यूट्रोफिल पेशी (एरवी जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) विनाकारण त्वचेत गर्दी करतात आणि नडगीवरच्या पुळीची बघता बघता जांभळ्या काठाची जखम होते. डॉक्टरांनी ही दोन नावं सांगून ‘तुम्हीच ठरवा’ म्हटलं असेल, तर मी दोन्ही घेऊन बसलोय.

जखम भरण्याच्या बाबतीत डावं-उजवं करता येत नाही. ब्रिटनमधल्या चाचणीत (निष्कर्ष २०१५ साली आले) सहा महिन्यांत दोन्ही गटांत सुमारे ४७ टक्केच बरे झाले. गंभीर संसर्ग मात्र प्रेडनिसोलोनवाल्यांना जास्त झाले. तेव्हा निवड करायची ती त्रासाकडे बघून.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, ते झाडून सगळ्याच पेशींना दमात घेतं. माझा ठणका तिसऱ्या दिवशी उतरला, हे श्रेय त्याचंच. (रक्तात न्यूट्रोफिल वाढलेले दिसले तर दचकू नका, रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेले सुटून प्रवाहात येतात.) पण झोप! पहाटे तीनला टक्क जाग, पोटात आगडोंब, आणि उद्योग काय, तर मोबाईलच्या उजेडात ड्रेसिंगचा कोपरा उचलून बघणं. एकदा चिकटपट्टीबरोबर कडेची कातडी सोलली आणि दोन दिवसांत तिथेच नवी पुळी. याला पॅथर्जी म्हणतात. साध्या खरचटण्यानेही या पेशींना आवतण जातं. त्या रात्रीनंतर माझं मन फिरलं.

सायक्लोस्पोरिन टी-पेशींमधलं (या इतर पेशींना बोलावणाऱ्या पांढऱ्या पेशी) कॅल्सिन्युरिन हे त्यांना जागं करणारं प्रथिन अडवतं. हाकारे देणारेच गप्प बसले की धाडही ओसरते. नखरे त्याचेही आहेत: कॅप्सूलला उग्र वास, बोटांना बारीक कंप, दंडावर लव, शिवाय बीपी आणि क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीच्या) फेऱ्या. दर वेळी सुई टोचताना पॅथर्जीच्या धास्तीने जीव मुठीत; माझ्या हातावर तरी काही उठलं नाही.

मूत्रपिंड किंवा बीपी आधीच कुरकुरत असेल तर माझं ऐकू नका. आणि बदलायचं ठरलंच, तरी प्रेडनिसोलोन एकदम तोडू नका, डॉक्टर सांगतील तसा डोस उतरवत न्या. मला त्यात सात आठवडे गेले. पाचव्या आठवड्यात एकदा गजराने जाग आली.