फ्रीझरमधले ‘चिकनसारखे’ तुकडे आणि गणपती पेठेतल्या सोयावड्या

सांगलीत विश्रामबागेतल्या एका सुपरमार्केटच्या फ्रीझरमध्ये आता मटार आणि मक्याच्या दाण्यांशेजारी ‘चिकनसारखे’ वनस्पतिजन्य तुकडेही दिसू लागले आहेत. दूध-तूपही वर्ज्य केलेली भाची सुटीत मुक्कामाला असल्यामुळे ते पाकीट आमच्या घरी आले. हे परीक्षण एकाच पदार्थापुरते आहे: मोठ्या आचेवर भाज्यांसोबत झटपट परतलेला स्टर-फ्राय.

तुकड्यांचा पोत चांगला आहे, हे आधी मान्य करायला हवे. बोटांनी ओढले की ते धाग्याधाग्यांनी सुटतात आणि चावताना पिठूळ लागत नाहीत. मात्र मीठ-मसाला आधीच लावलेला असल्यामुळे वरून सोया सॉस पडताच पदार्थ खारट होतो, आणि दुकानातून घरी येईपर्यंत अर्धवट वितळलेले तुकडे कढईत पाणी सोडतात. मग परतणे बाजूला राहते आणि भाजी त्या पाण्यात शिजत बसते. तुकडे फ्रीझरमधून काढून थेट तापल्या तव्यावर तांबूस करून घेतले आणि सॉस निम्म्यावर आणला, तर चव जमते. पातळ रश्श्यात तर ते विनातक्रार खपतात. पण एवढे सोपस्कार करायचेच असतील, तर गणपती पेठेत किराणा दुकानांत सुट्या मिळणाऱ्या सोयावड्या कितीतरी कमी पैशांत अधिक चांगले काम करतात.

सोयाबीनमधून तेल काढून घेतल्यावर उरलेले पीठ पाण्यासह उष्णता आणि दाबाखाली यंत्रातून काढले जाते, आणि बाहेर पडताना दाब एकदम उतरल्याने वडी फुगून सच्छिद्र होते. ही सच्छिद्रताच तिचे बलस्थान आणि तीच तिची अडचण, कारण वडी जे मिळेल ते शोषते. म्हणून चिमूटभर मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात दहा-बारा मिनिटे भिजवून, ते पाणी ओतून देऊन, गार पाण्यात दोनदा चोळून धुवावी; उग्र वास बराचसा तिथेच जातो. त्यानंतर दोन तळव्यांमध्ये धरून इतकी पिळावी, की बोटांमधून फेसाळ पाणी यायचे थांबेल. बहुतेकांची भाजी बिघडते ती इथे, घाईने अर्धवट पिळल्यामुळे. पिळलेली वडी उभी चिरून तिला आले-लसूण, थोडा सोया सॉस आणि शेवटी चमचाभर कॉर्नफ्लोअर लावावे, आणि लोखंडी कढईत शेंगदाणा तेलावर कडा कुरकुरीत होईपर्यंत परतून बाजूला काढावी. त्याच कढईत आधी गाजर आणि फरसबी, मग कांदा व ढोबळी मिरची, अगदी शेवटी कोबी टाकून आच मोठीच ठेवावी, भाज्या करकरीत असतानाच वड्या परत घालाव्यात, आणि गॅस बंद केल्यावर थोडे व्हिनेगर व कांद्याची पात घालावी. चिली सॉसऐवजी अर्धा चमचा घरचा कांदा-लसूण मसाला वापरला, तर चव चायनीज राहत नाही, पण आमच्याकडे हाच प्रकार आधी संपतो.

प्रथिनांच्या आकड्यांची तुलना जपून करावी. कोरड्या सोयावडीत 100 ग्रॅममागे सुमारे 50 ग्रॅम प्रथिने असतात. भिजल्यावर वजन अडीच-तीनपट होत असल्याने तेवढ्याच वजनाच्या ओल्या वडीत ती 17 ते 20 ग्रॅमच उरतात. फ्रीझरच्या पाकिटावरचा आकडा तयार तुकड्यांचा असतो, त्यामुळे तो कोरड्या वडीच्या आकड्याशेजारी ठेवून नाक मुरडणे अन्यायाचे आहे. या बाबतीत दोन्ही पदार्थांत फारसे अंतर नाही. अंतर आहे ते किमतीत.

दूधही न खाणाऱ्यांसाठी खरेदी करताना पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नये, कारण दूध पावडर किंवा मध असलेल्या पदार्थावरही तो ठिपका असतो. व्हीगन पदार्थांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे 2022 चे स्वतंत्र नियम आणि वेगळे बोधचिन्ह आहे. ते नसेल तर घटकांची यादी ओळीने वाचावी. गव्हाचे पथ्य असलेला पाहुणा पंगतीला असेल, तर सोया सॉसची बाटलीही वाचूनच घ्यावी, कारण नेहमीच्या सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो.