नारी सुवर्ण मेंढा: कुणी घ्यावा, कुणी घेऊ नये

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे नारीने, तयार केलेल्या ‘नारी सुवर्ण’ या मेंढीच्या जातीचा पैदाशीचा नर आणला की पुढच्याच वेताला जुळी, या हिशोबाने तो घेणारे पुष्कळ आहेत. तो हिशोब चुकीचा आहे. जुळ्यांचा गुण देणारा फेक-बी जनुक मादीच्या अंडाशयात काम करतो. एका माजात जास्त स्त्रीबीजं सुटतात. त्यामुळे आज वाड्यात असलेल्या दख्खनी मेंढ्या या नराकडूनही बहुतेक एकेकच कोकरू देणार. जुळी देतील त्या त्याच्या मुली. पाच महिन्यांचा गाभणकाळ, मादी कोकरू वयात यायला वर्षभर किंवा थोडं जास्त, मग परत पाच महिने. दोन वर्षं धरूनच चाला.

जनुक मूळचा सुंदरबनच्या गारोल मेंढीचा. गारोल अंगाने अगदी लहान, म्हणून दख्खनी आणि कर्नाटकातल्या बन्नूर मेंढीचं रक्त घालून अंगमेळ सुधारला आहे. हे काम चांगलं झालं आहे, यात वाद नाही.

नर घेताना शिंगं-खुरं पाहाच, पण डीएनए तपासणीचा अहवाल आधी मागा. जनुकाच्या दोन प्रती असलेल्या नराच्या सगळ्या मुलींत एक प्रत उतरते. एकच प्रत असेल तर निम्म्याच मुलींत, आणि ती निम्मी कोणती हे तोंडावरून कळत नाही. बाजारात ‘सुवर्णचाच आहे’ म्हणून बिनकागदाचा नर मिळतो, तो सोडून द्या. एका नरामागे पंचवीस-तीस माद्या पुरेत. मुली वयात आल्या की नर बदला, नाहीतर बाप-लेकीची पैदास सुरू होते.

खरी परीक्षा दुधाची. कोकराचं वजन किलोभर वाढायला आईचं साधारण पाच लिटर दूध लागतं. दोन कोकरं रोज शंभर-शंभर ग्रॅम वाढवायची तर दिवसाला लिटरभर दूध हवं, आणि ते नुसत्या माळरानाच्या चाऱ्यावर उतरत नाही. गाभणकाळाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत पोटातली कोकरं सर्वात जास्त वाढतात. जुळ्यांनी जागा व्यापल्यामुळे मेंढीच्या पोटात कडबा मावत नाही, मग ती अंगची चरबी जाळते आणि त्यातून आजारी पडते. कळपापासून बाजूला उभी राहणं, खाणं सोडणं, तोंडाला गोडसर वास येणं ही लक्षणं दिसली की त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. उद्यावर ढकललं तर मेंढी हाती लागत नाही. त्यापेक्षा या काळात रोज अडीचशे-तीनशे ग्रॅम मका भरडा आणि पेंड द्या. विल्यावर जुळीवाल्या मेंढीला अर्ध्या किलोपर्यंत न्या, पण थोडा थोडा वाढवत. एकदम वाढवला तर अपचन ठरलेलं.

विल्यानंतर तासा-दोन तासांत दोन्ही कोकरांच्या पोटात चीक गेला पाहिजे. दोन किलोच्या कोकराला पहिल्या दिवसात किमान दोनशे मिली, थोडा थोडा करून. दुबळं कोकरू मागे राहतं आणि दांडगं दोन्ही सड ओढतं, म्हणून दुबळ्याला धरून पाजा. आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची, लस मेंढीला विण्याआधी महिनाभर दिलेली असली तर चिकातून कोकरालाही संरक्षण मिळतं.

म्हणून घरी बांधून चारणाऱ्याला, शेवरी-सुबाभूळ आणि घास हाताशी असलेल्याला हा नर निःसंशय घ्यावासा आहे. माण-खटावकडून मुक्काम हलवत कोकणात उतरणाऱ्या मोठ्या कळपाला मात्र सरसकट नको. वाटेवर आधीच कोकरं घोड्यावर लादावी लागतात, तिथे दुप्पट कोकरं आणि तेवढंच दूध म्हणजे मरतूक. अशा कळपात जनुकाच्या दहा-पंधराच माद्या ठेवा, त्यांची वेतं मुक्कामी येतील अशी नराची वेळ साधा, आणि उपाशी कोकरांना पाजायला दोन-चार दुभत्या शेळ्या जवळ असू द्या.