युरोव्हिजनची फायनल भारतातून: जागरण कुठल्या तासासाठी करायचं?

युरोव्हिजन ही मुख्यतः युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा. तिच्यासाठी टीव्हीवर वाहिनी शोधत बसू नका. मे महिन्यातल्या तिन्ही रात्री स्पर्धेच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवर फुकट आणि थेट दिसतात. मंगळवार-गुरुवारी उपांत्य फेऱ्या, शनिवारी फायनल. पण मध्य युरोपातले रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडचे साडेबारा, तेव्हा फायनलचा रिमाइंडर रविवारच्या तारखेला लावा. इथे चुकलात तर आदल्या रात्रीचं जागरण फुकट.

चित्राला नावं ठेवायला जागा नाही, फक्त क्वालिटी 'ऑटो'वर सोडू नका. नेट जरा अडखळलं की लखलखते दिवे आणि धूर यांचे नुसते चौकोन होतात. १०८०पी हाताने निवडा. त्याला ताशी दीड ते तीन जीबी लागतात आणि कार्यक्रम चार तासांचा, त्यामुळे रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर निभावत नाही. वायफाय हवंच.

खरी उणीव निवेदकाची. लंडनमधल्या मराठी घरात बीबीसीवर ग्रॅहम नॉर्टनचे टोमणे ऐकू येतात, मेलबर्नमध्ये पहाटे पाचला एसबीएस वाहिनीचे निवेदक असतात. यूट्यूबवर फक्त मंचावरचं बोलणं. म्हणून गाणी आधी दोन-तीनदा ऐकून ठेवा, मार्चमध्येच ती सगळी बाहेर आलेली असतात. नाहीतर तीन-तीन मिनिटांची पंचवीस-सव्वीस गाणी एकमेकांत मिसळून जातात. मुख्य गायकाचा आवाज थेट असतो, वाद्यं मात्र ट्रॅकवर. हातातली गिटार शोभेची.

अडीचच्या सुमाराला गाणी संपतात. झोप आवरत नसेल तर गाण्यांच्या वेळी झोपा, गुणांसाठी उठा. प्रत्येक देशाचे परीक्षक १२, १०, ८ आणि पुढे १ पर्यंत गुण देतात, तेवढेच तिथले प्रेक्षकही. परीक्षकांचे गुण देशागणिक येतात आणि प्रतिनिधी फक्त १२ कुणाला ते सांगतो. प्रेक्षकांच्या गुणांची बेरीज मात्र परीक्षकांच्या यादीत तळाला असलेल्या देशापासून वर जाहीर होते. सगळी गंमत या क्रमात आहे. २०२५ मध्ये बासेलला यजमान स्वित्झर्लंड परीक्षकांकडून २१४ गुण घेऊन दुसरा होता. घरच्या सभागृहात प्रेक्षकांचा आकडा आला: शून्य. मग एकटा ऑस्ट्रिया उरला, हातात २५८, आणि आघाडीवर इस्रायल, ३५७ वर. ऑस्ट्रियाला १७८ मिळाले आणि ४३६ गुणांनी त्यांचा गायक जेजे जिंकला. गाणी नंतर कधीही ऐकता येतात. ही दहा मिनिटं शिळी झाली की संपली.

२०२३ पासून भारतातूनही मत देता येतं. स्पर्धेबाहेरच्या सगळ्या देशांची मतं 'उर्वरित जग' म्हणून एकत्र, एका देशाइतकी मोजली जातात. मत ऑनलाइन, पैसे कार्डाने. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं: रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवीन कार्ड फक्त देशांतर्गत व्यवहारांसाठी चालू असतं. बँकेच्या ॲपमध्ये 'आंतरराष्ट्रीय व्यवहार' आदल्या दिवशीच चालू करा, मर्यादा कमी ठेवा, नंतर बंद करा. कमाल मतं २०२६ पासून २० ऐवजी १०, तेव्हा खिशाला फार झळ नाही.

प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं. शेवटच्या अर्ध्या तासात व्हॉट्सॲप बंद ठेवा. सकाळी उठून बघणार असाल तर यूट्यूबचं मुखपृष्ठसुद्धा उघडू नका, विजेत्याचा फोटो तिथे आधीच हजर असतो. रात्रीच लिंक सेव्ह करून ठेवा.