संशोधकांना बाजारात धाडणारं सात आठवड्यांचं प्रशिक्षण : सांगलीच्या तुकडीचं परीक्षण

प्रयोगशाळेत चाललेलं तंत्र कोणी पैसे मोजून घेईल का, हे संशोधकांनी स्वतः बाजारात फिरून शोधायचं, अशा प्रशिक्षणाची एक तुकडी सांगलीत पार पडली. साचा मूळचा अमेरिकेतला. तिथल्या 'एनएसएफ' (नॅशनल सायन्स फाउंडेशन) या सरकारी संस्थेनं २०११ मध्ये 'आय-कॉर्प्स' नावानं तो सुरू केला : तिघांचा संघ, सात आठवडे, शंभर मुलाखती. आपल्याकडे आयआयटी मद्रासचं गोपालकृष्णन-देशपांडे केंद्र त्याच धर्तीवर 'आय-एनक्युबेट' चालवतं. सांगलीतला वर्ग याच साच्याचा, पण खूपच आटोपशीर. मुलाखतीचा भाग उत्तम, हिशेबाचा ठीक आणि पेटंट-मालकीचा कच्चा, असा एकूण निकाल.

उत्तम भागापासून सुरुवात करू. पहिल्याच सत्रात एक नियम पक्का केला जातो : मुलाखतीत आपलं यंत्र दाखवायचं नाही, त्याचं नावही काढायचं नाही. "असं मशीन आलं तर घ्याल का?" या प्रश्नाला सांगली जिल्ह्यात एकच उत्तर येतं, "घेऊ की!" पाहुण्याचं मन कोण मोडणार? त्याऐवजी घडून गेलेलं विचारायचं. मागच्या हंगामात माल कधी परत आला? कशामुळे? तेव्हा काय केलंत, किती पैसे गेले, निर्णय कोणी घेतला? दोघांनी जायचं, एकानं बोलायचं, दुसऱ्यानं लिहायचं. अर्ध्या तासाच्या वर ताणायचं नाही आणि टिपण त्याच दिवशी पूर्ण करायचं. निघण्यापूर्वी कागदावर तीन ओळी हव्यात : गिऱ्हाईक कोण, त्याची अडचण काय, आज तो ती कशी भागवतो. शिवाय कोणतं उत्तर मिळालं तर आपला अंदाज खोटा ठरेल, तेही आधीच लिहायचं. ही चौथी ओळ बहुतेक संघ टाळतात, आणि मग चाळीस मुलाखतींनंतरही सगळं आपल्याच बाजूचं दिसत राहतं.

याचा उपयोग कसा होतो ते बेदाण्याच्या उदाहरणात चांगलं कळतं. समजा, बेदाण्याचा ओलावा मोजणारं स्वस्त उपकरण तयार आहे. प्रयोगशाळेतला अंदाज असा की शेतकरी घेईल. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या रॅकवर पसरतात, साधारण पंधरवड्यात चार किलोंचा एक किलो बेदाणा होतो, आणि माल तयार झाला की नाही हे मुठीत दाबून ठरतं. म्हणजे मीटरची गरज उघड दिसते. पण हिशेब करा : १६ टक्के ओलाव्याचा एक टन बेदाणा १४ टक्क्यांवर आणला तर वजन सुमारे २३ किलोंनी घटतं. ती घट शेतकऱ्याच्या खिशातून जाते. ओला माल पकडून देणारं यंत्र तो स्वतःच्या पैशानं का घेईल? ज्याच्याकडे माल महिनोन्‌महिने पडून राहतो, त्याचं गणित वेगळं. माल चिकटला, काळा पडला, आंबला तर शीतगृहाकडे तक्रार येते आणि निर्यातदाराची ऑर्डर परत येते. गिऱ्हाईक तिथे आहे. वापरणारा, पैसे देणारा आणि नकार देऊ शकणारा, ही तीन माणसं वेगळी असतात, एवढं जरी संघाच्या डोक्यात बसलं तरी फी वसूल.

हळदीतही तेच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे कर्क्युमिन (हळदीतलं पिवळं, गुणकारी द्रव्य) झटपट मोजायच्या कल्पना बऱ्याच निघतात. सौद्यात मात्र बोली लागते ती हळकुंडाचा आकार, रंग, पॉलिश आणि वाळवण पाहून. जो आकडा भावात धरलाच जात नाही, तो मोजून अडत्याला काय मिळणार? अर्क काढणारे कारखाने आणि परदेशी माल पाठवणारे यांच्याकडे जा. गिऱ्हाईक संख्येनं थोडं असेल, पण पैसे तिथे मिळतील.

मिरजेच्या दवाखान्यांसाठी उपकरण करणाऱ्यांना साखळी आणखी लांब लागते. डॉक्टर वापरणार, खरेदी विभाग घेणार, बिल रुग्णाच्या माथी. त्यात २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत अ, ब, क, ड असे धोक्यानुसार वर्ग आहेत. अ आणि ब वर्गाच्या उत्पादनाचा परवाना राज्य पातळीवर मिळतो, क आणि डसाठी केंद्रीय औषध नियंत्रकांकडे जावं लागतं. आपलं उपकरण कोणत्या वर्गात बसतं हे पहिल्याच आठवड्यात पाहायला हवं. वर्गात हा विषय अगदी शेवटी निघतो, तोवर संघानं वेळापत्रक आणि खर्च दोन्ही चुकीचे मांडलेले असतात.

संघाची रचना कागदावर छान आहे : उद्योजक म्हणून पुढे राहणारा तरुण संशोधक, तंत्र जाणणारे प्राध्यापक आणि उद्योगातला मार्गदर्शक. प्रत्यक्षात सर शेजारी बसले की विद्यार्थ्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि गिऱ्हाईकही सरांशीच बोलतं. मग सर तंत्र समजावू लागतात आणि मुलाखतीचं व्याख्यान होतं. उपाय साधा : पहिल्या वीस मुलाखतींना सरांनी जायचंच नाही, फक्त टिपणं वाचायची. आयोजकांनी ही सक्ती करायला हवी. मार्गदर्शक कुपवाड-मिरज एमआयडीसीतले असल्यानं सुटे भाग, जुळणी, पुरवठादार यावर त्यांचा सल्ला पक्का असतो. शेतमालाच्या बाजारात मात्र ते आपल्याइतकेच नवखे. एखादा मुरलेला अडत्या किंवा शीतगृहाचा मॅनेजर मार्गदर्शक म्हणून हवाच होता.

किमतीचं सत्र बरं आहे. सुटे भाग ४,००० रुपयांचे, म्हणून किंमत ५,००० ठेवणाऱ्यांना फळ्यावर दाखवलं जातं की डीलरनं वीस टक्के घेतले की हातात ४,०००च उरतात, म्हणजे जुळणी, कॅलिब्रेशन (माप अचूक लावणं), वॉरंटी आणि जतपर्यंतची दुरुस्तीची चक्कर सगळी घरातून. जीएसटीचा तर अजून विषयही निघालेला नसतो.

आता कच्चा भाग. पेटंटवर अर्धा तास मिळतो, आणि तोही उशिरा. भारतीय कायद्यात अर्जाआधी स्वतःच जाहीर केलेल्या शोधालाही पेटंट मिळण्याची सवलत फार मर्यादित आहे : सरकारनं अधिसूचित केलेलं प्रदर्शन किंवा विद्वत्‌संस्थेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्याच प्रसंगांत, आणि तीही बारा महिन्यांपुरती. अडत्याच्या गाळ्यावर चहा पिताना सांगितलेल्या गोष्टीला ती लागू होईल या भरवशावर राहू नका. म्हणून मुलाखतींआधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज भरून टाका. शैक्षणिक संस्थेला ऑनलाइन भरताना १,६०० रुपये लागतात, आणि त्यानंतर संपूर्ण विवरण द्यायला बारा महिने मिळतात. सात आठवडे त्यात आरामात बसतात.

मालकीचा प्रश्न तर वर्गात निघतच नाही. प्राध्यापकाचा शोध बहुधा संस्थेच्या धोरणाप्रमाणे संस्थेच्या नावावर असतो. २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणात संस्थेनं जागा, उपकरणं, बौद्धिक संपदा दिल्याबद्दल नव्या कंपनीत २ ते ९.५ टक्के हिस्सा घ्यावा असं सुचवलं आहे. आपल्या महाविद्यालयानं ते स्वीकारलंय का, विद्यार्थ्याचा वाटा किती, प्राध्यापकाला रजा मिळते का, हे लेखी घेतल्याशिवाय नाव नोंदवू नये. गिऱ्हाईक सापडल्यावर यावरून भांडणं होतात, आधी होत नाहीत.

प्रवासखर्च हीदेखील अडचण. अमेरिकेत संघाला ५०,००० डॉलरचं अनुदान मिळतं, इथे एसटीचं तिकीटही स्वतःचं. त्यामुळे मुलाखती सांगली-मिरज-तासगाव याच पट्ट्यात अडकतात. निर्यातदार नवी मुंबईत, कर्क्युमिनचे खरेदीदार राज्याबाहेर. फोनवर बोलून काम भागतं, पण गोदाम आणि शेड डोळ्यांनी पाहणं वेगळं.

शेवटी 'पुढे जायचं की थांबायचं' हे सांगावं लागतं, आणि थांबणाऱ्यांना कमी लेखलं जात नाही, हे आयोजकांचं कौतुकच. पुढे जाणाऱ्यांसाठी मुलाखतींची नोंदवही हाच ठेवा : यंत्राच्या पहिल्या नमुन्यासाठी १० लाखांपर्यंतचं 'निधी-प्रयास' किंवा जैवतंत्रज्ञानात ५० लाखांपर्यंतचं 'बिग' ही सरकारी अनुदानं मागताना गिऱ्हाईक कोण हे विचारलं जातंच.

ज्यांचं तंत्र अजून एकदाही प्रयोगशाळेबाहेर चाललेलं नाही, त्यांनी थांबावं. ज्यांच्याकडे ओबडधोबड का होईना, चालता नमुना आहे, त्यांनी जरूर जावं, पण तुकडी निवडताना हंगाम पाहावा. बेदाण्यावर काम असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे शेड भरलेली असताना. ऑक्टोबरात फळछाटणी सुरू असते, तेव्हा बागायतदार तुमच्याशी बांधावर उभ्या उभ्या दोन मिनिटं बोलेल आणि कात्री घेऊन आत जाईल.