लांबुडक्या घरासाठी वायफाय: एक राऊटर, मेश की ॲक्सेस पॉइंट?

बेळगावात शहापूर-वडगावकडची जुनी घरं ठाऊकच आहेत: तोंड अरुंद, आत खोलीमागं खोली, शेवटी परसू. फायबरवाला खोकं सोप्यात ठोकून जातो आणि मागून हाक येते, "नेट येईना झालंय!" खानापूरकडच्या जाड चिऱ्याच्या भिंतींत वायफायचा ५ गिगाहर्ट्‌झ बँड (लहरींचा पट्टा) दुसऱ्या खोलीतच दम टाकतो. २.४ चा जरा आत पोचतो, पण तिथं अख्ख्या गल्लीची गर्दी. एकमेकांवर न चढणारी चॅनेल (बँडमधल्या वाटा) तीनच, १, ६ आणि ११.

टिळकवाडीत दोन बेडरूमचा फ्लॅट असेल तर फार विचार नको. आर्चर सी६ सारखा गिगाबिट पोर्टचा राऊटर मधल्या जागी ठेवा, झालं. १०० एमबीपीएसच्या पोर्टचा स्वस्तातला घेतलात तर २०० च्या प्लॅनचे पैसे निम्मे पाण्यात. अँटेना मोजत बसू नका. राऊटर कितीही ओरडला तरी उत्तर द्यायचं मोबाइललाच असतं.

लांब घरात खरी निवड मेश (हवेतूनच एकमेकांशी बोलणारे वायफायचे डबे) आणि ॲक्सेस पॉइंट (राऊटरला वायरीनं जोडलेला वायफायचा डबा) यांत. डेको एम४ सारखं मेश लावायला सोपं, अर्ध्या तासाचं काम. पण त्यात दोनच बँड. डब्या-डब्यांतलं बोलणं आणि तुमचा मोबाइल त्याच हवेवर, म्हणून दुसऱ्या डब्यावर वेग साधारण निम्म्यावर येतो. त्यात लोक तो डबा नेमका रेंज नसलेल्या खोलीत ठेवतात! तो रेंज असलेल्या शेवटच्या जागी हवा.

स्वतःचं घर असेल तर माझं मत सरळ ॲक्सेस पॉइंटला. कॅट-६ ही नेटवर्कची वायर १०० मीटरपर्यंत चालते, ईएपी२२५ सारख्या ॲक्सेस पॉइंटला वीजही त्याच वायरीतून मिळते, तुळईवर प्लग शोधायला नको. पावसाळ्यात लाईट गेली की सोप्यातला एकच यूपीएस फायबरचं खोकं आणि मागचा पॉइंट दोन्ही सांभाळतो. मेशला प्रत्येक डब्यामागं वेगळी सोय लागते. घरातला जुना राऊटरही चालेल, फक्त ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, नाहीतर दोन नेटवर्क होऊन सोप्यातला प्रिंटर मागच्या लॅपटॉपला दिसत नाही.

वायर शुद्ध तांब्याचीच मागा, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. आणि ती कौलांवरून नको, आतून ओढा. वळवाच्या विजा आपल्याकडं कमी नाहीत. भाड्याच्या घरात मालक भिंतीला भोक पाडू देत नसतील, तर मेशच घ्या.