साधे लेबल की विशेष लेबल: ग्रेड केलेले नाणे घेण्यापूर्वी

शिवराई, आदिलशाही तांब्याची नाणी किंवा राणी छाप रुपये जमवणारा सोलापूरचा संग्राहक अमेरिकन सिल्व्हर ईगल या चांदीच्या नाण्याकडे वळतो, तेव्हा त्याच्यासमोर एक नवाच प्रश्न येतो. नाणे तपासून, श्रेणी (ग्रेड) देऊन डबीत सीलबंद करणाऱ्या कंपन्यांकडून एमएस ७० हीच सर्वोच्च श्रेणी मिळालेली, एकाच वर्षाची दोन नाणी विक्रीला असतात. एकाच्या सीलबंद डबीवर साधे लेबल असते, तर दुसऱ्याच्या डबीवर ‘फर्स्ट स्ट्राइक’ किंवा ‘अर्ली रिलीजेस’ असे छापलेले असते, आणि त्या दोन शब्दांसाठी जास्तीची रक्कम मागितली जाते.

दोन्ही नाण्यांत ३१.१ ग्रॅम, ९९९ शुद्धतेची चांदी आहे आणि ७० गुणांच्या शेल्डन मापनपद्धतीत दोन्ही अव्वल ठरली आहेत. ‘फर्स्ट स्ट्राइक’ हे पीसीजीएस या ग्रेडिंग कंपनीचे आणि ‘अर्ली रिलीजेस’ हे एनजीसी या दुसऱ्या कंपनीचे लेबल; दोन्हींचा आधार साधारणपणे एकच, तो म्हणजे नाणे विक्रीस आल्यापासून पहिल्या ३० दिवसांत ते कंपनीकडे पोहोचले होते किंवा तसा पुरावा होता. नव्या कोऱ्या साच्यातून पडलेले पहिले नाणे, असा जो समज या नावामुळे होतो, त्याला आधार नाही. एका वर्षाच्या उत्पादनात साचे अनेकदा बदलले जातात, नाणी विक्रीच्या तारखेआधीच पाडून ठेवलेली असतात आणि कोणते नाणे कितवे पडले याची नोंद अमेरिकेची टांकसाळ ठेवत नाही. म्हणजे हे लेबल नाण्याविषयी काहीच सांगत नाही. ते पार्सल कधी पोहोचले एवढेच सांगते, आणि त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वाक्षरीच्या लेबलाचे थोडे वेगळे आहे. सिल्व्हर ईगलची १९८६ पासूनची मूळ मागची बाजू घडवणारे जॉन मर्कँटी यांची सही ज्याला संग्रही हवी आहे, त्याने ती जरूर घ्यावी. मात्र आपण सही विकत घेत आहोत, अधिक चांगले नाणे नव्हे, हे लक्षात ठेवूनच.

याउलट काही लेबले खरोखर मोलाची असतात. १८५७ मध्ये बुडालेल्या ‘एसएस सेंट्रल अमेरिका’ या जहाजातून वर काढलेल्या सोन्याच्या नाण्यावर त्या जहाजाचे नाव असेल, तर तो त्या नाण्याचा स्वतःचा इतिहास आहे. २०२० मध्ये महासाथीमुळे वेस्ट पॉइंट या अमेरिकी टांकसाळीचे काम थांबले, तेव्हा काही सिल्व्हर ईगल फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाडले गेले आणि त्यांच्यावर टांकसाळीची खूणच नव्हती. सीलबंद पेट्यांच्या नोंदींवरून दिलेले लेबल हाच तिथे एकमेव पुरावा उरतो. (आपल्या नाण्यांवर सालाखाली मुंबईचा हिरा किंवा हैदराबादची चांदणी असल्याने ही अडचण सहसा येत नाही.) नाणे आपल्या श्रेणीत भक्कम आहे असे सांगणारा, ग्रेड झालेली नाणी पुन्हा तपासणाऱ्या सीएसी या कंपनीचा हिरवा स्टिकरही याच बाजूचा मानावा, कारण तो पुन्हा नाणे पाहूनच दिला जातो.

विकायची वेळ आली की हा फरक आणखी टोकदार होतो. सोलापुरातल्या सराफाकडे सिल्व्हर ईगल नेले, तर तो त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने वजन धरेल. लेबलाला तिथे किंमत नाही. श्रेणीची किंमत करणारा ग्राहक पुण्या-मुंबईच्या नाणे प्रदर्शनांत किंवा लिलावांत शोधावा लागतो, आणि तिथेही आधी प्रमाणपत्राचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळला जातो. घेतानाही तो स्वतः पडताळावा, कारण बनावट डब्या बाजारात येतात.

घरातले १९११ चे पंचम जॉर्जचे रुपये ग्रेडिंगसाठी अमेरिकेला पाठवण्याचा विचार असेल, तर तो मात्र सोडावा. शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत.