हायसिंथ पाण्यात ठेवू की मातीत लावू?

हायसिंथ म्हणजे सुवासिक फुलांचा तुरा येणारं कंदाचं झाड, त्याचे कंद घ्यायचे ठरले की लगेच पुढचा प्रश्न येतो, काचेच्या भांड्यात पाण्यावर ठेवायचे की सरळ कुंडीत लावायचे. कुणालाही विचारा, उत्तर बहुतेक एकच मिळतं, मातीत लावा, कंद पुढच्या वर्षीही कामाला येतो, पाण्यात तो संपून जातो. हे खोटं नाहीये पण अर्धवट आहे. कंद परत फुलणार की नाही हे मातीपेक्षा जास्त थंडीवर ठरतं, त्यामुळे तुमच्याकडचा हिवाळा नावापुरताच असेल तर मातीचा हा सगळ्यात मोठा फायदा तुमच्या पदरात पडतच नाही.

म्हणून आधी थंडीचं बोलू, कारण पाणी घ्या नाहीतर माती घ्या, ही भानगड दोन्हीकडे सारखीच आहे. हे झाड मूळचं तुर्कस्तानचा दक्षिण भाग, सीरिया, लेबनॉन इकडचं, म्हणजे उन्हाळा कोरडा आणि हिवाळा थंड, ओला. उन्हाळ्यात झाड वरून मेल्यासारखं दिसतं तेव्हा कंदाच्या आत पुढच्या मोसमाचं फूल तयार होत असतं. ते फूल वर आणणारा दांडा नीट लांब व्हायला मात्र थंडी लागते, साधारण ४ ते ९ अंश सेल्सिअस आणि तीही १० ते १४ आठवडे. एवढी थंडी मिळाली नाही तर फूल येतं, पण पानांच्या बुडाशीच अडकून उमलतं, अगदी बुटकं. लोक मग खत घालतात, ऊन वाढवतात, त्याने काहीही होत नाही, कारण तोवर वेळ गेलेली असते.

बाजारात ‘प्रिपेअर्ड’ म्हणून कंद मिळतात त्यांच्याबद्दल एक मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं यांना थंडी दिलेली आहे, आता आणून पाण्यावर ठेवले की झालं. तसं नसतं, त्यांना उलट उन्हाळ्यात मोजून उष्णता दिलेली असते, म्हणजे आतलं फूल लवकर तयार होतं आणि लवकर फुलतं. थंडी त्यांनाही लागतेच, १० आठवड्यांच्या आसपास. आधीच थंडीत ठेवून विकलेले कंद हा प्रकार वेगळा, तेव्हा घेताना विकणाऱ्याला नीट विचारा की नक्की काय केलंय.

बाहेर थंडी नसेल तर फ्रिज, आणि इथे पाणीवाल्यांचं पारडं जड होतं. कोरडा कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या कोपऱ्यात ठेवला की जागा अशी लागतच नाही, तेच मातीने भरलेली कुंडी तीन महिने फ्रिजमध्ये ठेवायची म्हटलं तर घरात भांडणं होतील. (कुंडीसाठी पण कंद कोरडेच थंड करून मग लावता येतात, तसं केलंत तर हा फरक उरत नाही.) पिशवी हवाबंद नको, नाहीतर बुरशी धरते. आणि शेजारी सफरचंद, केळी वगैरे पिकणारी फळं अजिबात ठेवू नका, त्यांच्यातून इथिलीन वायू निघतो आणि कंदातलं फूल आतल्या आत खराब होतं, बाहेरून कंद मस्त दिसतो त्यामुळे कळत पण नाही. घरात लहान मुलं असतील तर पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कांद्यासारखाच दिसतो तो आणि विषारी आहे.

आता पाण्याची पद्धत. हायसिंथसाठी खास काचेचं भांडं मिळतं, मान बारीक आणि वर वाटीसारखी जागा, कंद त्या वाटीत बसतो आणि मुळं खाली पाण्यात उतरतात. ते नसेल तर कंद वरच अडकून बसेल असं बारीक तोंडाचं कुठलंही भांडं चालतं. फक्त एक गोष्ट सांभाळायची, पाणी कंदाच्या बुडाला टेकता कामा नये, अर्धा ते एक सेंटीमीटर अंतर ठेवायचं, कंद भिजत राहिला की बुडाकडून सडायला लागतो. मुळं चांगली ८-१० सेंटीमीटर होईपर्यंत आणि कोंब बोटाच्या दोन पेरांएवढा येईपर्यंत भांडं गार, अंधाऱ्या जागी, मग काही दिवस गार पण उजेडाच्या खोलीत आणि मग नेहमीच्या जागी. अंधारातून काढून एकदम गरम खोलीत नेलं तर पानं सुसाट वाढतात आणि फूल मागे राहतं. पाणी कमी झालं की वरून घालायचं, गढूळ दिसलं की बदलायचं, खत बिलकुल नको कारण कंद आपल्याच साठ्यावर फुलत असतो. मुळं काचेतून वाढताना दिसतात ही मजा मातीत नाही, आणि खरं सांगायचं तर निम्मे लोक पाण्यावर त्यासाठीच लावतात.

तोटे पण आहेत. एका भांड्यात एकच कंद. फूल भरलं की तुरा जड होतो आणि हलकं भांडं कलंडतं, म्हणून जड बुडाचं घ्या आणि रोज थोडं फिरवत राहा म्हणजे दांडा उजेडाकडे झुकणार नाही. आणि हो, कंद खरंच रिकामा होतो, परत फुलेल या आशेवर ठेवण्यात अर्थ नाही.

मातीत काम कमी आणि माफी जास्त. निचरा चांगला हवा, मातीत जाड वाळू किंवा पर्लाईट (हलके पांढरे खनिज दाणे) घाला, कंदाचं टोक मातीच्या वर डोकावू द्या, आणि पसरट कुंडीत ४-५ कंद जवळजवळ पण एकमेकांना न टेकता लावा. पाणी एखाद दिवस चुकलं तरी काही बिघडत नाही. इतके तुरे एकत्र फुलले की पाण्यावरचा एकटा कंद त्यापुढे किरकोळ वाटतो. पण वेगवेगळे रंग एका कुंडीत लावू नका, प्रत्येक जातीची वेळ थोडी मागेपुढे असते, एक सुकत असतं तेव्हा दुसरं उमलत असतं. निळं हवं तर सगळे डेल्फ्ट ब्लू, पांढरं हवं तर सगळे कार्नेगी, असं करा. नाहीतर छोट्या छोट्या कुंड्यांमध्ये एकेक वाढवा आणि सारखे वाढलेले नंतर एकत्र मांडा.

फुलं गेल्यावर मातीतल्या कंदाचा दांडा कापायचा, पानं ठेवायची, ती आपोआप पिवळी पडेपर्यंत पाणी आणि थोडं पोटॅशवालं खत द्यायचं. मग थंड हवेच्या ठिकाणी तो बागेत १०-१५ सेंटीमीटर खोल लावून टाकला की पुढच्या वसंतात परत येतो, तुरा मात्र पहिल्यासारखा गच्च नसतो, विरळ येतो. मला तो विरळच जास्त आवडतो, गच्च तुरा जरा प्लास्टिकचा वाटतो. पण तोच कंद घरात परत लवकर फुलवायचा म्हणाल तर ते जमत नाही.

त्यामुळे माझं मत असं, हिवाळा सौम्य आणि अंगण नाही, तर सरळ पाण्यावर ठेवा, कंद टाकावा लागेल म्हणून हळहळू नका, मातीतला पण तुम्हाला टाकावाच लागला असता. हिवाळा कडक आणि बाहेर थोडी जमीन असेल तर कुंडी घ्या. आणि घरात फुलं हवीतच असा हट्ट नसेल तर अशा ठिकाणी शरद ऋतूत थेट जमिनीतच लावा, ना फ्रिज ना अंधारी खोली. फिरतीची नोकरी असेल तरी कुंडीच बरी, पाण्याची पातळी बघायला घरात कुणीतरी लागतं.

वास दोन्हीकडे सारखाच आणि जबरदस्त, छोट्या खोलीत एक तुरा भरपूर झाला, डोकं दुखणाऱ्यांनी झोपायच्या खोलीत ठेवूच नका. गार खोलीत फूल दोन-तीन आठवडे टिकतं, गरम खोलीत आठवड्याभरात मान टाकतं. कंद हाताळताना हातमोजे घाला, त्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, खाज सुटते. मांजर किंवा कुत्रा असेल तर त्यांच्या तोंडापासून लांब ठेवा.

कंद घेताना दाबून बघा, टणक आणि हाताला जड लागला पाहिजे. घरात फुलवायला १८-१९ सेंटीमीटर घेराचे मोठे कंद घ्या, पाण्यावर ठेवणार असाल तर नक्कीच, कारण तिथे बाहेरून काहीच मिळणार नसतं. बागेसाठी १५-१६ चे पुरतात, उलट तेच बरे, मोठ्या कंदाचा जड तुरा वाऱ्यापावसात आडवा होतो.